सहावा आठवडा

“मासे मेले का?” खानोलकरांनी हळूच विचारलं. लेक केतकीसाठी स्थळ बघायला आले होते ते. समोरच्या काचेच्या टाकीत पाणी होतं, वाळू होती. मासा मात्र औषधालाही नव्हता. तरी नवरामुलगा त्यात अमोनियाचे थेंब मोजून सोडत होता.

“अजून आणलेच नाहीत, काका. अमोनिया खाणारे जिवाणू आधी पाण्यात रुजायला हवेत, नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. आज सहावा आठवडा.” त्याने चाचणीच्या नळीतला रंग तक्त्याशी ताडून पाहिला. “अजून हिरवट आहे. थांबायचं.”

येणाऱ्या जिवासाठी एवढं करणारा माणूस खानोलकरांनी पाहिला नव्हता. जिना उतरताच त्यांनी बायकोला फोन लावला.

“मुलगा पसंत आहे. फक्त मुहूर्त आपण काढू. त्याच्यावर सोडला, तर केतकी साठीत बोहल्यावर चढेल.”