काजळ्याचं स्वभावचित्रण

"चौथं पान बघा," बाई म्हणाल्या. "तिथे पुराव्यासकट लिहिलंय."

समोर ठेवलेला पाण्याचा ग्लास घेण्याआधी त्यांनी तळवे पोटाशी कपड्याला पुसले. स्टुडिओतल्या मुख्य चित्रकाराने वही पुढे ओढली. ओळी सरळ होत्या, समासही सोडलेला होता.

बाईंचा सत्तावीस वर्षांचा मुलगा इथेच काम करायचा. चौदा दिवसांपूर्वी तो फोन टेबलावर ठेवून घरातून निघून गेला होता. सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय, येईल, असं पोलीस म्हणाले. तेव्हापासून बाईंनी त्याने काम केलेला अ‍ॅनिमेशनपट नऊ वेळा पाहिला. छत्तीस वर्षं वर्गात शिकवलं तसं त्यातल्या काजळ्याचं स्वभावचित्रण लिहून काढलं.

काजळ्या गावाबाहेरच्या बंद भट्टीत राहतो. अवाढव्य, काळाकुट्ट. सकाळी लोकांच्या दारापाशी झाकलेली वाटी ठेवून जातो. गावाला वाटतं, विष आहे. शेवटी तो तळ्यात चालत जातो आणि पडदा काळा होतो.

"पहिला गुण, अबोल," बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "दुसरा, मानी. दारापर्यंत जातो, वाजवायला हात उचलतो आणि तसाच खाली घेतो. माझा मुलगा अस्साच. तीन वर्षं एका घरात राहून खोलीचं दार बंद. तोंडातून शब्द म्हणून काढायचा नाही."

"बाई, पण..."

"मला संपवू द्या. त्याने स्वतःलाच काढलंय हो." त्यांनी वहीचं पान उलटलं. "आणि शेवटी तो तळ्यात जातो. ते तळं कुठलं, तेवढं सांगा. त्याने कुठेतरी पाहिलं असेलच ना?"

"तळं मी काढलंय," चित्रकार म्हणाला. "माझ्या डोक्यातलं आहे. गोष्ट तर आधीच लिहून आलेली असते. त्याच्याकडे फक्त काजळ्याची हालचाल होती. आणि आम्ही स्वतःला काढायला लागलो, तर सगळी पात्रं कंबर धरून खुर्चीत बसलेली दिसतील."

बाई हसल्या नाहीत. तोही हसायचा थांबला.

"हालचाल आम्ही कुणाची तरी उचलतो," तो म्हणाला. "बसथांब्यावर, दुकानात, जो भावेल त्याची. फोनवर टिपायची आणि समोर लावून काढायची."

"म्हणजे त्याने कुणालातरी टिपलं?" बाई खुर्चीतून उठल्या. "कोण तो माणूस? इतकं मन लावून काढलंय, म्हणजे जीव असणार त्याच्यावर. त्याच्याकडेच गेला असेल! दाखवा मला."

"एकमेकांच्या फायली आम्ही उघडत नाही."

"पाया पडते तुमच्या."

"अहो, काहीतरीच काय! बसा तुम्ही."

पण त्या बसल्या नाहीत. तो त्यांना कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेला. कॉम्प्युटरवर 'काजळ्या, संदर्भ' अशी फाइल होती. तिच्यात एकच चित्रफीत, अकरा सेकंदांची. बाईंनी चष्मा लावला आणि पत्ता टिपून घ्यायला वहीचं कोरं पान काढलं.

"चेहरा नीट दिसेल ना?" त्यांनी विचारलं.

"बघू."

चित्रण खोलीच्या आतून, दाराच्या फटीतून केलेलं होतं. पलीकडची फरशी बाईंच्या ओळखीची होती. पावलं जवळ आली. झाकलेली वाटी खाली ठेवली गेली. तळवे पोटाशी पुसले गेले, दार वाजवायला एक हात वर उचलला गेला, क्षणभर थांबला, आणि तसाच खाली गेला.

मग फोन धरणाऱ्याचा आवाज, फोनलाही जेमतेम ऐकू जाईल इतका हळू, म्हणाला, "वाजव ना, आई."