डाव्या गुडघ्याची तक्रार

डावा गुडघा थरथरतो.

चौदा ठोकळ्यांची शेपटी.

"मला शोधायचं नाही. कुणीच."

मदत विभागाचा नियम चौथा: फोनवर स्वतःचं नाव सांगू नये, समोरच्याचं विचारू नये.

एका जागी दोन वस्तू मावत नाहीत. कोंबल्या तर भांडतात.

हेडफोनच्या उजव्या कानात कुणीतरी दोनदा खाकरलं.

ते खाकरणं तिने ओळखलं. माउसवरचा हात तसाच राहिला.

"हॅलो, मदत विभाग ना? तुमच्या खेळात माझा रोबो आहे. लढाई सुरू झाली की डावा गुडघा थरथरायला लागतो, आणि मग अख्खा रोबो उडून छताला चिकटतो. समोरचा खाली उभा राहून मजा बघतो."

"फाइल उघडते, सर," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा सपाट ठेवला.

फाइल उघडली. दोन पायांचा ओबडधोबड रोबो. हातात हातोडा. मागे शेपटी.

शेजारच्या टेबलावरच्याला सगळे काका म्हणत, कारण तो तिशी ओलांडलेला एकटाच होता. त्याने मान लांब केली. "शेपटी? रोबो आहे की माकड?"

त्याचं बरोबर होतं. या खेळात आता कुणी शेपटी लावत नाही. पूर्वी दोन पायांचे रोबो चालता चालता तोंडावर आपटायचे. तेव्हा एका खोलीत, एकाच खुर्चीवर अर्धं अर्धं बसून, तिने धाकट्या भावाला शिकवलं होतं: मागे वजन लाव. तेरा ठोकळे कमी पडतात, पंधरा जास्त होतात. आपटण्याचा दोष कंपनीने चार वर्षांपूर्वी काढून टाकला. भावाने शेपटी काढली नव्हती.

तिने घर सोडलं त्याला पाच वर्षं झाली. बॅग उचलून दारात ती म्हणाली होती, मला शोधायचं नाही, कुणीच; आणि भाऊ लहानपणापासून तिचा शब्द खाली पडू देत नसे. एक फोन नाही, एक निरोप नाही. पहिली दोन वर्षं बरं वाटलं. नंतरची तीन वर्षं फोन वाजला की ती घाईने नंबर बघायची. वर्षभरापूर्वी इथे नोकरी लागल्याचं तिने फक्त मावशीला कळवलं होतं, तेही शपथ घालून.

"सापडलं का काही?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगा, मी करतो."

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा.

"मांडी आणि पोटरी तुम्ही एकमेकांत घुसवली आहेत, सर. बाहेरून घट्ट बसलेलं दिसतं. पण खेळाला एका जागी दोन वस्तू चालत नाहीत. तो दोघांना दूर ढकलतो, सांधा परत जवळ ओढतो. सेकंदाला साठ वेळा. म्हणून थरथर. शेवटी ढकलणं जिंकतं."

"मग?"

"मध्ये फट ठेवा. केसाएवढी."

"तुटणार नाही?"

"नाही. सांधा धरून ठेवतो."

तो कामाला लागला. कळांचा आवाज येत होता. बारीक काम करताना तो श्वास रोखायचा. अजूनही रोखत होता. तिच्या पडद्यावर पोटरी जरा जरा खाली सरकत होती.

"आमच्या आईचंही असंच झालं बघा," तो म्हणाला. "डावाच गुडघा. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन केलं. आता काठी नको म्हणते. जिना चढते. कपडे स्वतः वाळत घालते, वर मलाच ऐकवते की तुला पिळायला येत नाहीत. तुम्हाला कशाला सांगत बसलोय म्हणा."

तिने आवाज बंद करायचं बटण दाबलं. नऊ सेकंद. मग सोडलं.

"काळजी घ्या त्यांची, सर."

"घेतो. दुसरं आहे कोण?"

मी आहे रे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. नियम चौथा आडवा आला असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो फोन आपटेल याची भीती होती. तो तेवढा मानी होता. ओळखलं असतं तर एव्हाना आपटलाच असता.

रिंगणात रोबो उभा राहिला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. गुडघा हलला नाही.

"चालला," तो म्हणाला.

"अजून काही मदत हवी आहे का?" हे प्रत्येकाला विचारावंच लागतं.

तो दोनदा खाकरला. ती ऐकत राहिली.

"जेवलात का तुम्ही? तीन वाजून गेलेत."

"जेवले," ती म्हणाली. डबा बॅगेतच होता.

"बरं." फोन बंद झाला.

"मी आहे रे," ती म्हणाली.

"मला म्हणालीस?" काकाने विचारलं.

"नाही. पुढचा फोन तू घे."

त्या दिवसाच्या आधीच्या अकरा महिन्यांत भावाने मदत विभागाला एक्केचाळीस वेळा फोन केला होता. दर वेळी पलीकडून पहिलं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या आवाजात ऐकलं की "राहू द्या, चालायला लागला" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.