जोडीचा संगणक

छापखान्यात संगणकाचं खोकं येताच गुळवणीबाईंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. आता त्या सुटणार होत्या, लेकीच्या बाळंतपणाला जाणार होत्या.

भंगारात निघालेल्या जुन्या संगणकावर त्यांनी हौसेनं लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली चढवली, तिथेच चूक झाली. त्याची चिप नेहमीच्या इंटेल जातीची नव्हती, तयार प्रोग्राम त्यावर चालत नसत, त्यामुळे प्रत्येक प्रोग्राम त्यांनाच खटपट करून जुळवावा लागे. दुसरं कुणी त्याला हात लावेना, आणि मालक त्यांना रजा देईनात.

"नव्यावर कुणीही काम करेल ना?" त्यांनी विचारलं.

"नवा कुठला?" मालकांनी खोकं फोडलं. आत अगदी तसलाच, पिवळा पडलेला संगणक होता. "भंगारवाल्याकडे जोडीचा मिळाला. म्हटलं, आपल्या बाई आहेतच की!"

मालकांनी पेढा तोंडात टाकला. "कशाचे हो पेढे?"