फुगलेलं पाकीट

फ्रीजरच्या खालच्या कप्प्यातून काजलनं पुरणाचं पाकीट काढलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि ओट्यावर कामाच्या बनाबाईपुढे टाकलं. पाकीट उशीसारखं फुगलं होतं.

"घेऊन जाय आज. पोळ्याचं पुरण हाय."

पोळा होऊन तीन महिने झाले होते. मध्ये दोन दिवस अख्ख्या धाड गावाची लाईट गेली, तेव्हा फ्रीजरमधून वाहिलेलं पाणी बनाबाईनंच फडक्यानं टिपलं होतं. प्लास्टिकच्या आत पुरण काळपट पडलं होतं आणि कडेला फेसाचे बारीक बुडबुडे दिसत होते. बनाबाईनं ते पाहिलं. तरी तिनं मान हलवली.

हवा काढून पाकिटं बंद करायचं मशीन काजलच्या नवऱ्यानं ऑनलाइन मागवलं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं वर्ष होत आलं तरी काजलची हौस फिटेना. भरीत, मटकी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, जे उरेल ते ती पिशवीत घाली आणि मशीनखाली दाबी. चांगल्या अन्नाला पिशवी घट्ट चिकटून राही. फुगली की समजावं, आतलं नासलं. हे काजललाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर फुगलेल्या पाकिटावर ती मार्करनं 'बनाबाई' असं लिहून ते खालच्या कप्प्यात सरकवी. वर चारचौघांत सांगे, आमच्याकडं एक शीत वाया जात नाही.

बनाबाईच्या आज्यानं गावकीची कामं करून गावात भाकरतुकडा मागणं सोडलं, त्याला साठ वर्षं होऊन गेली. त्याच्या वाट्याचं शिळं निदान कालचं तरी असायचं. नको म्हटलं तर काम जाईल, या धाकानं ती पाकीट मुकाट्यानं नेई आणि पुलावरून नाल्यात टाकी. मागे एकदा तिनं ते फोडून कुत्र्यापुढं ठेवलं. कुत्र्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी तिला त्या कुत्र्यापुढं स्वतःचीच लाज वाटली होती.

"कोपऱ्यात सरकव ते, पाहुणे येतीन," काजल म्हणाली.

पाहुणे आलेच. काजलची नणंद पूनम, तिला पाहायला मेहकरकडचे लोक आले होते. बैठकीत पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि मुलाची आजी रुखमाबाई गुडघ्यावर हात देत उठली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. पोरगी कोणीही नटवून बसवतं, घर पाहायचं तर मोरी आणि ओटा पाहावा, असा तिचा जुना शिरस्ता होता.

काजलनं हसत हसत मशीन दाखवलं, फ्रीजरचे वरचे कप्पे उघडून दाखवले. रुखमाबाईनं दोन पाकिटं बोटानं टोचून पाहिली.

"हे सारे असे चेपलेले काऊन वं पोरी? पोट खपाटीले गेल्यावानी." मग तिची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. "हे पाहा! हे कसं टंच भरलं हाय, चिप्सच्या पुड्यावानी. पुरण हाय ना? दात राह्यले नाहीत माहे, पुरण तेवढं जाते. दे बरं वाटीत थोडंसं."

काजलचा चेहरा खर्रकन उतरला. "आजी, ते... ते बनाबाईचं आहे. नाव लिहिलंय पाहा."

रुखमाबाईनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, एकेक अक्षर लावून वाचलं आणि तिचा सुरकुतलेला चेहरा खुलला. "घ्या! कामाच्या बाईच्या नावानं पुरण राखून ठेवते ही सून. असंच घर पाहून राह्यलो होतो आमी. पूनमचं पक्कं समज." ती बनाबाईकडं वळली. "काव बाई, तुह्यातलं घासभर मले देशीन का?"

बनाबाई काही बोलायच्या आत काजल घाईनं म्हणाली, "नाही देणार ती, आजी. तिच्या नातवाचा लय जीव आहे पुरणावर. हो ना बनाबाई?" आणि म्हातारीच्या पाठीमागून तिनं डोळे वटारले.

नुसतं हो म्हटलं की भागत होतं. पूनमचं जमलं असतं, बनाबाईचं काम राहिलं असतं. पण तिला शिसारी आली. सडकं पुरण तिच्या नावावर होतंच, आता एका म्हातारीला घासभर न देणारं मनही तिच्याच नावावर चढत होतं. वर नातवाला त्यात ओढलं होतं.

"नाही माय," ती म्हणाली. "माह्या घरी हे कोनी खात नाही. माहा नातू तं नाहीच नाही."

तिनं ओट्यावरची कात्री घेतली आणि पाकिटाचा कोपरा कापला. फुस्स करून हवा सुटली. आंबलेला, कुजका वास स्वयंपाकघरभर पसरला. रुखमाबाईनं पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरकली. बैठकीतून कोणीतरी विचारलं, कशाचा वास येतोय.

रुखमाबाईनं पुन्हा एकदा पाकिटावरची अक्षरं पाहिली.

"मंग याच्यावर तुह्यं नाव काऊन हाय वं?"

"मले लिवता येत नाही, माय," बनाबाई म्हणाली. "वैनीले इचारा."

आणि नळ सोडून ती साबणानं हात धुऊ लागली.