दुसऱ्या डिस्कचं कुलूप

आई गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या डोक्यातून काढलेल्या दोन डिस्क टेबलावर होत्या. एकीत छत्तीस वर्षांच्या आठवणी होत्या, दुसरीत शेवटच्या चार वर्षांच्या. पहिलीचं कुलूप सॉफ्टवेअरचं. शाल्मलीने पासवर्ड सांगताच ते उघडलं. पण त्या चार वर्षांत मायलेकींचा अबोला होता. आईच्या मनातला राग गेला होता का, एवढंच तिला पाहायचं होतं.

"हिचं कुलूप हार्डवेअरचं," दुरुस्तीवाले खुस्पेकाका म्हणाले. "किल्ली कानामागच्या चिपमध्येच असते. ती आणलीस ना?"

"कानातल्या कुड्या काढून घेतल्या, काका. चिप विद्युतदाहिनीत गेली."

"सोनं बरं आठवलं तुम्हाला."

तरीही काकांनी डिस्क जोडली. तासाभराने पडद्यावर आकडा उमटला: वाचता आलेली माहिती, शून्य बाइट.