माझ्यानंतरची बॅच

"अगं, क्लोरिनने केसांचं वाटोळं होतं," म्हणत कल्याणीने पोहण्याच्या शिबिराचं पत्रक बाजूला सारलं आणि चित्रकलेचं लेकीपुढे केलं. बुद्धिबळ, मातीकाम, नाट्यशिबिर, सगळ्यांना रेवाने नाक मुरडलं होतं. सुट्टीत पोहायलाच जायचं, हे तिचं पालुपद काही सुटत नव्हतं.

"आणि कानात पाणी गेलं म्हणजे?"

"आई, खरं सांग, तुलाच पाण्याची भीती वाटते ना?"

कल्याणीने पत्रकं उगाचच एकावर एक रचायला घेतली. अलिबागला ती समुद्राकडे पाठ करून भेळ खात बसली होती, ते पोरीने बरोबर हेरलं होतं.

"माझ्यानंतर बायकांची बॅच असते. मी तुझंही नाव दिलंय."

"अगं पण..."

"घाबरू नकोस," रेवाने तिच्या गालावरून हात फिरवला. "मी काठावरच बसेन, तुझा टॉवेल धरून."