एका पातेल्यातलं तेल

डॉक्टर चिंतामणींचा पारा चढला होता. गुडघेदुखीवरच्या आयुर्वेदिक तेलाची चाचणी, हिंदी मुलखातल्या बरगीकडच्या गावातले साठ रुग्ण, सहा महिन्यांची मेहनत, सगळ्यावर पाणी! अर्ध्यांना औषधी तेल द्यायचं होतं आणि अर्ध्यांना साधं. त्यांच्या शिकाऊ संशोधक इंदूने दोन्ही तेलं एका पातेल्यात ओतून घरोघर सारखी वाटली होती.

"ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं का मी तुला?" ते कडाडले.

"वासावरूनच समजलं सर, कोणत्या बाटलीत दवाई नाही ते. माझ्या गावची माणसं आहेत. अर्ध्यांना काहून फसवू?"

"फसवणूक? अगं, साधं तेलही मिळू शकतं हे कबूल करून सह्या दिल्यात त्यांनी!" सरांनी संमतीपत्रांचा गठ्ठा तिच्यापुढे आदळला.

इंदूने त्यातून एक कागद ओढून काढला. आता तिचाही आवाज चढला.

"हा माझ्या मायचा अंगठा. आधी सगळं वाचून दाखवायचं, मग अंगठा घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलं. मी बाजूलाच उभी होती, सर. तुम्ही मायले म्हणाले, 'अम्मा, मुफ्त की दवाई है, लगा दो अंगूठा.'"